तूर मुळात झाड आहे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तुरीबद्दल आलेले प्रश्न एका बैठकीत वाचून काढले. निम्म्याहून अधिक प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे, म्हणून ती आधी सांगतो. तूर वर्षभरात संपणारं रोप नाही, ती बहुवर्षायू झुडूप आहे. कापली नाही आणि जमिनीत ओल राहिली, तर ती पुन्हा पालवते, पुन्हा फुलते, तीन-चार वर्षंही उभी राहते. आपण तिला हंगामी पीक केलं. तिचा स्वभाव मात्र झाडाचाच राहिला.

प्रश्न : पेरल्यावर दीड महिना तूर जागची हलत नाही. शेजारच्या ओळीतलं सोयाबीन तिला झाकून टाकतं. मग पाऊस उघडल्यावर सोयाबीन माना टाकतं आणि तूर हिरवी कशी राहते?

हलत नाही असं वाटतं, कारण आपण वर बघतो. पंधरा-वीस दिवसांचं एक रोप कुदळीने हळूच खणून काढा. पेरलेल्या बियाच्या दोन्ही डाळी मातीतच राहिलेल्या दिसतील. वर दोन साधी, एकेरी पानं आणि त्यानंतर आलेली त्रिदल पानं. एवढ्याशा रोपाचं सोटमूळ मात्र हाताला सहज सापडणार नाही इतकं खाली गेलेलं असतं. हंगामी पिकाला घाई असते, झाडाला नसते. तूर आधी पाया घालते. खोल जमिनीत तिची मुळं दोन मीटरपर्यंत उतरतात आणि वरचा थर सुकल्यावर खालची ओल ओढतात.

पानंही हुशार आहेत. भर दुपारी ती उन्हाला कड दाखवून उभी राहतात, म्हणजे ताप कमी बसतो. ताण वाढला की पेशींतला रस दाट होतो आणि पान पाणी धरून ठेवतं. त्यापुढे गेलं तर तूर जुनी पानं गाळते. शेतकऱ्याला ते बघवत नाही, पण झाड त्यातूनच तगतं.

तांबड्या जमिनीत आणखी एक गोष्ट घडते. तिथला स्फुरद (फॉस्फरस) लोहाशी घट्ट बांधलेला असतो आणि बहुतेक पिकांना तो मिळत नाही. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल नावाचं द्रव्य बाहेर सोडतात. ते लोहाला पकडतं आणि स्फुरद मोकळा होतो. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली हे दाखवून दिलं. काळ्या जमिनीत स्फुरदाची बांधणी वेगळी, चुन्याशी असते. तिथे या गुणाचा तेवढा उपयोग नाही.

दुष्काळ सोसते म्हणजे तूर सगळंच सोसते, असं मात्र समजू नका. साचलेलं पाणी तिला चालत नाही. मुळांना आणि मुळांवरच्या गाठींना हवा लागते. पाण्याचा निचरा होत नसेल तर तिला सरी-वरंब्यावर घ्या.

प्रश्न : पाच वर्षं घरचंच पांढऱ्या तुरीचं बी वापरतो. यंदा त्यात लाल दाणे निघाले. शेजारी लाल तूर आहे. यंदा तिचा पराग आला म्हणून दाणे लाल झाले का?

दोष शेजारच्या तुरीचा असू शकतो, पण यंदाचा नव्हे. दाण्याच्या टरफलाचा रंग आईकडून येतो. टरफल हा आईच्याच शरीराचा भाग असतो, परागाचा त्यात वाटा नाही. पांढऱ्या तुरीच्या फुलावर लाल तुरीचा पराग पडला, तरी त्या वर्षी दाणा पांढराच दिसतो. तो पेरल्यावर जे झाड येतं, त्याचे दाणे लाल निघतात, कारण लाल रंग पांढऱ्यावर सहसा मात करतो. म्हणजे तुमची भेसळ निदान गेल्या वर्षीची आहे. पडताळा सोपा आहे. पुढच्या वेळी लाल दाण्यांचं झाड उभं असतानाच त्याच्या चार फांद्यांवरच्या शेंगा सोला. सगळ्या शेंगांत सगळे दाणे लाल असतील. एकाच शेंगेत काही लाल, काही पांढरे असं निघणार नाही.

आता हे घडतं कसं? उद्या उमलणारी एक कळी घ्या. ती पिवळी, फुगलेली असते, पण तोंड मिटलेलं असतं. नखाने पाकळ्या बाजूला करा. आत दहा पुंकेसर असतात : नऊ एका नळीत जोडलेले, एक सुटा. परागकोश आधीच फुटून पिवळी पूड सांडायला लागलेली दिसेल. म्हणजे फूल उमलण्याआधीच स्वतःचा पराग स्वतःच्या कुक्षीवर पोचलेला असतो. एवढ्यावर थांबलं असतं, तर तूरही हरभऱ्यासारखी स्वपरागी राहिली असती. पण फूल उमलतं आणि आग्या माशी येते, पानं कातरून घर बांधणारी माशी येते. माशी खालच्या पाकळ्यांवर बसली की तिच्या वजनाने त्या दबतात, केसर आणि कुक्षी बाहेर उसळतात आणि दुसऱ्या झाडाचा पराग चिकटतो. सरासरीने २० ते ३० टक्के परपरागण होतं, पण जागेनुसार आणि माश्यांच्या संख्येनुसार हा आकडा फारच खाली-वर होतो.

घरचं बी ठेवायचं असेल तर शेताच्या मधल्या भागातून ठेवा, कडेचं नको. वेगळ्या रंगाची फुलं, वेगळी उंची, वेगळ्या खोडाची झाडं फुलोरा सुरू होताच उपटून टाका. दहा-पंधरा चांगल्या झाडांवर कळ्या येण्याआधी मच्छरदाणी चढवली तर त्याहून उत्तम. जाळीला भोक नाही ना, हे रोज बघा. माझ्या उमेदवारीच्या काळात बोटभर फाटलेल्या जाळीतून एक भुंगा आत शिरला होता. तो सकाळभर आत मजेत फिरला आणि माझा एक हंगाम गेला.

प्रश्न : झाडाखाली फुलांचा सडा पडतो. कोणतं टॉनिक फवारू?

कोणतंच नको. तूर जेवढी फुलं काढते, त्यातली ८०-९० टक्के गळतात. सगळं नीट असतानाही गळतात. झाड गरजेपेक्षा कितीतरी जास्त फुलं काढतं आणि पोसता येतील तेवढ्याच शेंगा धरतं. पहिल्या बहराच्या शेंगा अळीने खाल्ल्या किंवा कुणी तोडल्या, तर नंतरची फुलं जास्त धरतात. खाली पडलेली फुलं मोजू नका, वर लटकलेल्या शेंगा मोजा. पाणी हाताशी असेल तर फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एकेक पाळी द्या. बाटलीतल्या औषधापेक्षा त्याचा उपयोग अधिक.

प्रश्न : कापसात संकरित बियाणं सगळीकडे दिसतं. तुरीत का नाही?

तुरीतही आहे आणि त्यामागे मोठा खटाटोप आहे. कडधान्यातलं जगातलं पहिलं संकरित वाण तुरीचंच : आयसीपीएच ८, प्रसारित झालं १९९१ साली. त्यात मादी ओळीतली, म्हणजे ज्या झाडांवर संकरित बी धरतं त्यांची, नरवंध्यता (कामाचा पराग न होण्याचा गुण) जनुकीय होती आणि तिथेच घोडं अडलं. मादी ओळीत निम्मी झाडं नरवंध्य निघायची, निम्मी सुपीक. प्रत्येक झाडाची कळी फोडून परागकोश बघायचा : पिवळा असेल तर झाड उपटा, पांढरट-पारदर्शक असेल तर ठेवा. हे एकरभर करून बघा, म्हणजे बियाणं उत्पादक का पळाले ते कळेल.

मग वाट सापडली ती रानात. तुरीचा रानटी पूर्वज, कॅजानस कॅजानीफोलियस, आजही ओडिशा आणि बस्तरच्या भागात उगवतो. दिसायला बराचसा तुरीसारखा. बियाच्या डोळ्याशी असलेली ठळक पांढरी गाठ ही त्याची खूण. त्याच्या पेशीद्रव्यात तुरीची केंद्रकं बसवली आणि नरवंध्य झाडं मिळाली. ही ए-४ प्रणाली. पेशीद्रव्य आईकडूनच येत असल्यामुळे मादी ओळीतली सगळीच झाडं नरवंध्य निघतात, कळ्या फोडत बसावं लागत नाही. तिच्यावर उभं राहिलेलं आयसीपीएच २६७१ हे वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झालं. गंमत बघा, ज्या माश्यांनी वरच्या वाचकाची पांढरी तूर लाल केली, त्यांच्याच जिवावर हे बियाणं तयार होतं. हाताने परागण करायचं तर परवडणारच नाही.

तरी प्रसार मर्यादित राहिला. माझ्या मते कारण शेतात कमी आणि बियाणं तयार करण्यात जास्त आहे : तीन ओळी (मादी, ती टिकवणारी आणि नर) सांभाळायच्या, प्रत्येकीला दुसऱ्या तुरीपासून लांब ठेवायचं, म्हणजे विलगीकरण अंतर द्यायचं, भरपूर माश्या असलेली जागा शोधायची आणि हे सगळं सहा महिन्यांच्या पिकात. शिवाय संकरित बी दरवर्षी नवीन घ्यावं लागतं. सरळ वाणाचं घरचं बी राखता येत असताना, ते घेण्यासाठी उत्पादनातला फरक डोळ्यांत भरण्याइतका हवा.

प्रश्न : जूनऐवजी सप्टेंबरात पेरली तर तूर गुडघ्याएवढीच राहून फुलते. बी खराब होतं का?

बी चांगलं आहे. तूर दिवस मोजते. खरं तर रात्र मोजते : रात्री लांबायला लागल्या की तिला फुलण्याचा निरोप मिळतो. जूनमध्ये पेरलेल्या रोपाला वाढायला तीन महिने मिळतात, सप्टेंबरमधल्याला उगवल्या उगवल्या निरोप येतो. अशा पेरणीत ओळी जवळ घ्या, झाडांची संख्या वाढवा. दिवसाच्या लांबीचं फारसं मनावर न घेणारे लवकर येणारे वाण पैदासकारांनी काढले आहेत. शंभर दिवसांच्या आत येणाऱ्या ओळीही आहेत. पण जेवढं लवकर, तेवढं मूळ उथळ आणि तेवढा दुष्काळाला तोंड देण्याचा गुण कमी. लवकर येणारा वाण दुष्काळ सोसत नाही, चुकवतो. हलक्या जमिनीत चुकवणं शहाणपणाचं, भारी जमिनीत सोसणारा वाण बरा.

प्रश्न : मर रोगाला बळी न पडणारा नवा वाण यायला दहा-बारा वर्षं का लागतात?

हिशेब करा. दोन वाणांचा संकर केला, पुढे सहा-सात पिढ्या निवड केली, तेव्हा ओळ स्थिर होते. मध्यम कालावधीच्या तुरीची वर्षाला एकच पिढी होते. त्यानंतर ठिकठिकाणच्या चाचण्यांना तीन वर्षं. अर्धवट पक्व, पस्तीस दिवसांचं हिरवं बी काढून लगेच लावलं, तर लवकर येणाऱ्या प्रकारात वर्षाला तीन-चार पिढ्या उरकता येतात. चाचण्यांची वर्षं मात्र कमी होत नाहीत, व्हायलाही नकोत.

दुसरी अडचण अशी, की रोग एक नाही. मर बुरशीमुळे येते. खोडावर बुंध्यापासून जांभळट पट्टा चढतो, खोड उभं चिरलं तर आत काळ्या-तपकिरी रेघा दिसतात. वांझ रोग विषाणूचा. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी या किडीकडून पसरतो, बियातून येत नाही. झाड हिरवंगार, झुडपासारखं माजतं, पण फुलतच नाही. १९८६ मध्ये आलेला मारुती वाण मर रोगाला उत्तम तोंड द्यायचा, वांझ रोगापुढे मात्र हात टेकायचा. दोन्हींना तोंड देणारा आशा (आयसीपीएल ८७११९) १९९३ मध्ये आला. पुढे तुरीचा जनुकसंच वाचला गेला, तोही याच आशाचा. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीएसएमआर ७३६ याच दुहेरी कसोटीतून निघाला.

ही कसोटी बघण्यासारखी असते. मर रोगासाठी मुद्दाम रोगट तुराट्या बारीक करून जमिनीत मिसळतात आणि तिथेच नव्या ओळी पेरतात; तगेल ती पुढे जाते. वांझ रोगासाठी रोप दोन एकेरी पानांचं असताना रोगट झाडाचं पान त्या पानांवर दुमडून चक्क ऑफिसातल्या स्टेपलरने टाचतात. कोळी पायी चालत नव्या पानावर उतरतो. वाफ्यात शेकडो रोपं आणि प्रत्येकाच्या पानाला पिन.

प्रश्न : तूर झाडच असेल, तर कापणीनंतर खोडवा का ठेवू नये?

येतो की. ओल असेल तर दुसरा बहर येतो. पैदासकारांना हा गुण फार आवडतो, एखादं मोलाचं संकर झाड मरू न देता पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतं. शेतात मात्र माझा सल्ला नाही असाच आहे. उन्हाळ्यात आजूबाजूला दुसरं काही हिरवं नसताना वांझ रोगाचा कोळी याच खोडव्यावर आणि बांधावरच्या जुन्या तुरीवर दिवस काढतो. जूनमध्ये नवी रोपं उगवली की वाऱ्यावर बसून तिकडे जातो. मर रोगाची बुरशी तर जमिनीत राहिलेल्या मुळांत आणि बुडख्यांत दोन-तीन वर्षं जिवंत असते; मर दिसलेल्या शेतात तेवढा काळ तुरीऐवजी ज्वारीसारखं पीक घ्या. बांधावर कौतुकाने राखलेलं तुरीचं एखादं झाड असेल, तर मे महिन्यात त्याची पानं उन्हाकडे धरून बघा. फिकट-गडद हिरवे ठिपके दिसले, तर पेरणीची वाट न बघता मुळासकट काढा.