रस्त्यावर पळणाऱ्यानं पन्हाळा-पावनखिंडीसाठी कोणते ट्रेल शूज (डोंगरवाटेवर पळायचे शूज) घ्यावेत? वॉटरप्रूफ आणि खोल दातांचेच हवेत का?

वॉटरप्रूफ घेऊ नका. आणि सोलखालच्या दातांची खोली मोजून शूज घ्यायला ज्यानं सांगितलंय, त्याला आधी विचारा की भर पावसात मसाई पठारावरून शेवटचं कधी उतरलास.

तुम्ही लिहिलंय की आजवर रंकाळा आणि विद्यापीठाचा परिसर एवढ्यातच पळालात, जुलैत पन्हाळा ते पावनखिंड करायचंय, बजेट 10 हजारांच्या आत आहे आणि ग्रुपमधल्या एका अनुभवी माणसानं ‘वॉटरप्रूफच घे, दात 6 मिलिमीटरच्या खाली नकोत’ असं बजावलंय. हे वाक्य मला तोंडपाठ आहे. आमच्याही ग्रुपमध्ये ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं जातं, आणि त्यावरून माझं एकाशी असं वाजलंय की तुमचा प्रश्न बघून गप्प बसवेना.

त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. आमच्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेआधी सरांनी जवळजवळ सगळ्यांना एकाच मॉडेलचे शूज घ्यायला लावले. जाड, वॉटरप्रूफ, खाली ट्रॅक्टरच्या टायरसारखे दात. मी घेतले नाहीत, कारण ते माझ्या टाचेला ढिले होते आणि टाच हलणारा शूज मी फुकट दिला तरी घालत नाही. मी माझे जाळीचे, जेमतेम 4 मिलिमीटर दातांचे घालून गेले. सर बघून म्हणाले, “हे रस्त्यावरचे दिसतायत.” मी काही बोलले नाही.

राजदिंडीनं उतरलो, तुरुकवाडी, म्हाळुंगे मागं टाकलं, तोवर सगळं झकास चाललं होतं. माती भिजलेली, दात मातीत मस्त रुतत होते. मग पठार लागलं. मसाई पठार म्हणजे जांभ्याचा सडा, नुसता उघडा कातळ. उन्हाळ्यात त्यावर तळहात घासला तर कातडं निघतं. आषाढात त्याच जांभ्यावर काळसर शेवाळाचा पातळ थर धरतो, आणि लांबून तो नुसता ओला दगड वाटतो. धुकं इतकं होतं की पुढच्याची पाठ दिसत नव्हती.

पठार संपून कुंभारवाडीकडं उतार सुरू होतो तिथं माझी मैत्रीण पडली. साधी घसरली नाही, दोन्ही पाय एकदम पुढं गेले आणि ती हातावर आपटली. मनगट लगेच टम्म सुजलं. तिच्या पायात सरांनी सांगितलेले नवेकोरे शूज होते. सर मागून आले, तिला उठवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “बायकांचा पाय डोंगरात भितो. भिऊन टाकलेला पाय सरकणारच. शूजला कशाला नावं ठेवायची?”

ती रडवेली झाली होती, दुखण्यानं कमी आणि या बोलण्यानं जास्त. लहानपणी पन्हाळ्याच्या पायवाटांवरून शाळेला गेलेली पोरगी आहे ती. तिचा पाय भिणार?

आमच्या दोघींचा नंबर एकच. मी तिला खाली बसवलं आणि म्हटलं, काढ शूज. तिथंच पावसात आम्ही शूज बदलले. ज्या दगडावर ती पडली त्याच दगडावर, एका पोराचा हात धरून, मी तिच्या शूजमध्ये उभी राहिले आणि वजन पुढं टाकलं. पाय सरळ पुढं सटकला. मग पुन्हा माझे शूज घालून तिथंच उभी राहिले. तेही हलले, पण आधी चावले, मग हलले, सावरायला वेळ मिळाला. “थांब गं, मी बघतो,” म्हणत तीही उठली आणि तिनंही माझे शूज घालून तसंच करून बघितलं. सगळ्या ग्रुपनं पाहिलं. सर म्हणाले, “तुझं वजन कमी आहे.” आम्हा दोघींच्या वजनात धड दोन किलोंचाही फरक नाही.

तेवढ्यात शेजारून डोक्यावर इरलं घेतलेली एक मावशी साध्या रबरी चपलेत खाली निघून गेली. तिच्या पायाकडं मी नीट बघितलं. काळ्या चकचकीत दगडावर ती पाऊलच ठेवत नव्हती. गवताचा झुपका, मग दगडाची पांढुरकी खरबरीत कड, मग परत झुपका. हे तुम्ही शूज घ्यायच्या आधी शिका, कारण शेवाळावर जगातला कुठलाही सोल धरत नाही, 20 हजारांचा आणा नाहीतर 2 हजारांचा.

आता दातांचं. दात रुतायला समोर रुतण्यासारखं काहीतरी लागतं: चिखल, ओली माती, भुसभुशीत मुरूम. कातळात काय रुतणार? कातळावर धरतं ते रबर, आणि जितकं रबर दगडाला टेकेल तितकं धरतं. लांब, विरळ दातांच्या सोलचं दगडावर टेकणारं क्षेत्र थोडं असतं, शिवाय उंच दात जोर पडला की वाकतात. त्यात रबर कडक असेल तर मग विचारूच नका. कडक रबर डांबरावर जास्त टिकतं, म्हणून कंपन्या ते आवडीनं लावतात. मऊ, चिकट रबर ओल्या दगडावर धरतं पण लवकर झिजतं. दोन्ही एका सोलमध्ये पुरेपूर मिळत नाही. आपल्याकडं वर जांभा आणि खाली काळा बेसॉल्ट, त्यात चार महिने पाऊस, त्यामुळं मी डोळे झाकून रबराच्या बाजूनं. दात 4 ते 5 मिलिमीटरचे, बऱ्यापैकी दाट, तेवढे पुरतात.

वॉटरप्रूफचं तर सोपं आहे. त्या वाटेवर ओढे ओलांडावे लागतात आणि पाणी घोट्याच्या वर येतं. पाणी वरून शिरलं की वॉटरप्रूफ शूजमधलं पातळ अस्तर त्याला बाहेर जाऊ देत नाही. पुढं मैलोन्‌मैल तुम्ही पाण्यात भिजलेला पाय घेऊन पळता, कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि मग फोड येतात. जाळीचा शूज ओढ्यात भरतो आणि पंचवीस-तीस पावलांत रिकामा होतो. सह्याद्रीतल्या पावसात पाय कोरडा ठेवायचा विचारच सोडून द्या, पाणी लवकर निघून जाईल एवढंच बघा.

दुकानात गेल्यावर काय करायचं ते सांगते. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळताना घालता तेच मोजे घेऊन जा, आणि ते सुती नकोत. सोलच्या रबरात अंगठ्याचं नख दाबा. नख जरा तरी रुतलं पाहिजे, आणि रुतल्याची खूण हळूहळू भरून आली पाहिजे. नख घसरलं तर शूज परत ठेवा. फरशी गुळगुळीत असेल तर बाटलीतलं थोडं पाणी ओतून त्यावर उभे राहा. मी हे करते तेव्हा सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण पुसून दिलं की कुणी काही म्हणत नाही. मग जिन्याच्या पायरीवर तोंड खाली करून उभे राहा आणि पंजा पुढं ढकला. बोटं शूजच्या टोकाला लागली तर उतारावर नखं काळी पडलीच म्हणून समजा. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, मागं टाच मात्र उचलता कामा नये. शेवटच्या भोकातून लेस उलटी ओवून फास केला की टाच घट्ट बसते, पण मुळात ढिली असलेली टाच लेसनं सुधारत नाही.

नंबरावर विश्वास ठेवू नका. आमचे अण्णा कोल्हापूरच्या चप्पल लाईनला पायताण करून घ्यायचे तेव्हा कारागीर पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड काढायचा, पंजाची जाडी दोरीनं मोजायचा. तेच घरी करा. पूर्ण वजन टाकून उभे राहा, पायाची कड काढा, कागद कापा, आणि दुकानात शूजमधला इनसोल बाहेर काढून त्यावर तो कागद ठेवा. कागद बाहेर येत असेल तर तो शूज तुमचा नाही. दोन्ही पायांचं करा, बहुतेकांचा एक पाय मोठा असतो.

मला कोल्हापुरातल्याच एका दुकानात सांगितलं गेलं होतं, “मॅडम, लेडीजमध्ये ट्रेल येत नाही. वॉकिंगचे घ्या, यात गुलाबी रंग आहे.” तेव्हापासून मी सरळ जेन्ट्समधला छोटा नंबर मागते, टाच बसली तर तोच घेते. तुम्ही बाई असाल तर तुम्हीही लाजू नका.

मॉडेलचं म्हणाल तर होका स्पीडगोटचा सोल व्हिब्रमच्या मेगाग्रिप रबराचा असतो, दात 5 मिलिमीटरचे, आणि ओल्या कातळावर मला त्याच्याइतकं धरणारं दुसरं सापडलेलं नाही. पण तो तुमच्या बजेटबाहेर जाईल. मागच्या व्हर्जनचा स्टॉक सेलमध्ये निघतो तेव्हा बघा. त्याची उंच गादी सगळ्यांना मानवत नाही, घोटा नाजूक असेल तर डुगडुगल्यासारखं वाटतं. सॅलोमन स्पीडक्रॉस चिखलासाठीच बनवलेला आहे, चिखलात तो राजा. अल्ट्रा लोन पीकमध्ये पंजाला भरपूर जागा, पण त्यात टाच आणि पंजा एका पातळीत असतात. तुमची पिंढरी रस्त्यावरच्या शूजच्या उंच टाचेला सरावलेली आहे, तेव्हा मोहिमेच्या तोंडावर तो प्रयोग करू नका. डेकॅथलॉनचे ट्रेल शूज बजेटमध्ये आरामात बसतात, फक्त नख दाबून रबर बघून घ्या, सगळ्या मॉडेलचं सारखं नसतं. आणि सह्याद्रीतले जुने ट्रेकर वर्षानुवर्षं अॅक्शनच्या ट्रेकिंग शूजवर फिरले, ते काय वेडे नव्हते. पळायला ते जड आणि कडक पडतात, पण तुम्ही चालतच जाणार असाल तर विचार करा.

मुरमावर आणि टोकदार दगडांवर पळणार असाल तर सोलमध्ये रॉक प्लेट आहे का विचारा. ती तळव्याखालची पातळ पट्टी असते, दगड टोचत नाही. अंगठ्यापुढं रबराचं जाड टोपण हवंच, ठेच लागते तेव्हा त्याची किंमत कळते.

सरांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. खोतवाडीच्या पुढं भाताच्या खाचरांच्या बांधावरून जाताना आणि लाल चिखलाच्या चढावर खोल दातवाले माझ्यापुढं निघून गेले. मी एका हातानं गवत धरून चढत होते. म्हणजे दातांना अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पण चिखलात घसरलं तर कपडे मळतात आणि कातळावर घसरलं तर मनगट जातं. माझा हिशोब तिथंच पक्का झाला. पावसाळा सोडून नुसतं ज्योतिबा-पोहाळे बाजूला कोरड्या घसाऱ्यावर पळणार असाल तर खोल दातही चालतील, तिथं माझं काही म्हणणं नाही.

1660 च्या आषाढात या वाटेनं बांदल सेना गेली, ती काय शूज घालून गेली का, हा प्रश्नही तुम्हाला कुणीतरी विचारेलच. सर विचारतात. ती माणसं जन्मापासून याच दगडांवर चालत होती, त्यांचे तळवे तसे झालेले होते. तुम्ही-आम्ही आठवडाभर बूट-मोजे घालून ऑफिसात बसतो. घोडखिंडीत बाजीप्रभू लढले त्याचा दाखला माझ्या मैत्रिणीच्या मनगटावर पांघरूण घालायला कुणी देऊ नये, मला तरी ते सहन होत नाही. तिच्या मनगटात बारीक फ्रॅक्चर निघालं होतं. सरांनी नंतर तिची फोनवर चौकशी केली, पण ते वाक्य अजून परत घेतलेलं नाही, आणि परवाच एका नव्या मुलीला पुन्हा तेच शूज घ्यायला सांगितलेत. तुमच्या ग्रुपमध्ये एखादी बाई पडली तर आधी तिचा सोल उलटा करून बघा.

शूज आत्ताच घ्या, जूनच्या शेवटी नको. पहिले काही दिवस घरात आणि अंगणात, मग ज्योतिबाच्या वाटांवर, आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर एकदा तरी ओल्या कातळावर घालून बघा. मोहिमेहून आलात की आतले इनसोल काढून कागदाचे बोळे कोंबा, बोळे भिजले की बदला आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर डिंक सुटून सोल निघतो. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर हे सगळं वाचण्याआधी फिजिओकडं जाऊन या, तिथं शूजचा प्रश्न दुसरा येतो.