गाडी शेनझेनची, पार्किंग घोडबंदरचं

चीनच्या अतिमहागड्या इलेक्ट्रिक गाड्यांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून इतकी पत्रं आली की या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

एक एजंट यांगवांग यू8 न्हावा-शेवाला उतरवून देतो म्हणतो. ईव्ही म्हणून जीएसटी 5 टक्के, हिरवी पाटी, टोल माफ, सगळं धरून पावणेतीन कोटी. टोकन 10 लाख मागतोय. द्यावं का?
— वाचक, नेरूळ

देऊ नका. यांगवांग हा शेनझेनच्या बीवायडी कंपनीचा सर्वांत वरचा ब्रँड. जानेवारी 2023 मध्ये तो चीनमध्ये आला आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात यू8 मांडलीही होती. पण मांडणं वेगळं आणि विकणं वेगळं.

मुळात यू8 निव्वळ इलेक्ट्रिक नाही. चार मोटर आहेत, सुमारे 49 किलोवॉट-तासांची बॅटरीही आहे, पण बॉनेटखाली 2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन बसवलंय. ते वीज तयार करतं. चिनी चाचणीनुसार निव्वळ बॅटरीवर ती 180 किलोमीटर जाते, आणि ती चाचणी सढळ हाताची आहे. आपल्याकडे अशी गाडी हायब्रिडमध्ये मोडते. म्हणजे 5 टक्के जीएसटी नाही, 40 टक्के. हिरवी पाटी नाही, अटल सेतूची टोलमाफीही नाही, कारण ती फक्त बॅटरीवरच्या गाड्यांना आहे.

आता हिशेब करा. चीनमध्ये यू8 ची किंमत 10,98,000 युआन होती, त्यात तिथला 13 टक्के व्हॅट धरलेला. तो वजा करून गाडीचं आयात मूल्य 1 कोटी 20 लाख धरू. 40,000 डॉलरच्या वरच्या तयार गाडीवर सीमाशुल्क आणि कृषी अधिभार मिळून 110 टक्के लागतात, म्हणजे 1 कोटी 32 लाख. बेरीज 2 कोटी 52 लाख. त्यावर 5 टक्के लावले तर 2 कोटी 65 लाख होतात. एजंटचा ‘पावणेतीन’चा आकडा इथूनच आलाय. 40 टक्क्यांनी तीच गाडी 3 कोटी 53 लाखांवर जाते, आणि यात जहाजभाडं, विमा, आरटीओ अजून आलेलं नाही.

पैशांपेक्षा मोठी अडचण कागदांची आहे. आयात होणाऱ्या नव्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा. चीनच्या बाजारासाठी बनलेली गाडी डाव्या स्टिअरिंगची आणि तिथल्या मानकांची असते. वर्षाला 2,500 गाड्या भारतातल्या चाचणीशिवाय आणायची जी सवलत आहे, ती उत्पादक किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीसाठी आहे, वाशीतल्या ऑफिसात बसलेल्या एजंटसाठी नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट मागा: उत्पादकाचं अधिकारपत्र आणि त्याच मॉडेलचं, त्याच स्टिअरिंगचं मान्यता प्रमाणपत्र. ते नसेल तर गाडी बंदरात पडून राहील, रोजचं भाडं चढत जाईल आणि ते भरणारे तुम्ही असाल.

तीच यू8 पाण्यावर तरंगते म्हणतात. मग पावसाळ्यात सबवेतून काढायला हरकत काय?
— वाचक, ठाणे पश्चिम

तरंगते, हे खरं. कंपनी जास्तीत जास्त 30 मिनिटं सांगते. गाडी इंजिन बंद करते, खिडक्या लावून घेते, सस्पेन्शन उंच करते आणि चाकं फिरवत हळूहळू पुढे सरकते. पण ही जीव वाचवण्याची सोय आहे. तरंगल्यावर गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, हेही कंपनीच सांगते.

इतर ईव्हींच्या बॅटरीवर आयपी67 लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 1 मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात 30 मिनिटं. आपल्या सबवेतलं पाणी ना स्वच्छ, ना स्थिर. बॅटरी तगते, पण कनेक्टर, चाकांची बेअरिंग आणि सीटखालची वायरिंग तगत नाही. पाणी गाडीच्या तळाला लागलं असेल तर दुसऱ्या दिवशी ‘चालतेय की’ म्हणून चार्जिंगला लावू नका. आधी इन्सुलेशन रेझिस्टन्स (वीज कुठे गळत नाही ना, याचं माप) मोजून घ्या.

विम्यात दोन गोष्टी पाहा. एक, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जोड. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर 50 टक्के घसारा कापण्याचं कलम असतं आणि ईव्हीत बॅटरी हाच सर्वांत महाग भाग. दोन, पाणी शिरून झालेल्या नुकसानीचं बॅटरी-मोटर संरक्षण. ते वेगळं विकत घ्यावं लागतं.

चिन्यांना एकदम कोटीच्या गाड्या कशा जमायला लागल्या? नुसता दिखावा नाही ना?
— वाचक, डोंबिवली

दिखावा आहेच. यांगवांग यू9 जागच्या जागी उडी मारते, त्याचा रस्त्यावर काही उपयोग नाही. पण ती उडी ज्या सस्पेन्शनमुळे जमते, ते खरं काम आहे. प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर असली की टायर फुटला तरी उरलेल्या तीन चाकांचा जोर मिलिसेकंदांत बदलून गाडी सरळ ठेवता येते. पेट्रोल गाडीच्या गिअरबॉक्सला हे साधत नाही.

आलिशान गाडीचं मोल पूर्वी इंजिनात होतं. बारा सिलिंडरचं शांत इंजिन बनवायला पिढ्या लागतात. मोटर मुळातच शांत. त्यामुळे शर्यत बॅटरी, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअरवर आली, आणि तिथे चीन आधीच पुढे होता. बीवायडीची सुरुवातच 1995 साली बॅटरीची कंपनी म्हणून झाली. हुवावे आणि जेएसी यांची माएक्स्ट्रो एस800 मे 2025 मध्ये 7,08,000 युआनपासून आली. तिची स्पर्धा थेट मर्सिडीजच्या मायबाखशी. निओच्या ईटी9 मध्ये स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी दांडाच नाही, सगळा निरोप तारेतून जातो. परिणाम जर्मनांच्या खातेवहीत दिसतो: पोर्शने 2021 मध्ये चीनमध्ये 95,671 गाड्या विकल्या, 2024 मध्ये 56,887.

घोडबंदर रोडला टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग आहे. एमजीची एम9 बसेल का?
— वाचक, कासारवडवली

बहुतेक ठिकाणी खालच्या पॅलेटवरही (गाडी उभी करायच्या लोखंडी फळीवर) अवघड. एम9 सुमारे 5.2 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद आहे, आरसे वेगळे. आपल्याकडे गाडीसाठी आखलेली जागा साधारण 2.5 गुणिले 5 मीटरची असते, म्हणजे नाक किंवा शेपूट बाहेर येणार. त्याहून महत्त्वाचं वजन. पॅलेटच्या खांबावर क्षमतेची पाटी असते, अनेक ठिकाणी 2,000 किलोची. मोठ्या बॅटरीची एमपीव्ही त्यावर सहज जाते, त्यात माणसं आणि सामान धरलेलं नाही. पाटीचा फोटो काढा, आरसीवरच्या वजनाशी ताडून पाहा आणि स्टॅकच्या देखभाल कंत्राटदाराकडून लेखी घ्या. ‘आजवर काही झालं नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

सोसायटीने परवानगी दिलीय, पण इलेक्ट्रिशियन म्हणतो 4 चौरस मिमी वायर पुरेल. मीटर रूमपासून माझं पार्किंग 50 मीटर लांब आहे. गाडीची बॅटरी 90 किलोवॉट-तास.
— वाचक, खारघर

पुरणार नाही. 7.4 किलोवॉटचा चार्जर 32 अँपिअर खेचतो, तेही सलग सात-आठ तास. गिझर वीस मिनिटांत बंद होतो, म्हणून तिथे चुका खपतात. इथे नाही.

50 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 100 मीटर तांबं. 6 चौरस मिमीला 32 अँपिअरवर जवळपास 10 व्होल्ट पडतात, वायर तापली की आणखी. 10 चौरस मिमीला 6 च्या आत. म्हणून 10 चौरस मिमी, तांब्याची, तीन कोअर आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल टाका. 4 चौरस मिमीला 15 व्होल्ट जातील. संध्याकाळी सोसायटीचं व्होल्टेज आधीच 210 ला आलेलं असतं, तेव्हा गाडी चार्जिंग कमी करेल किंवा सोडून देईल.

मीटरजवळ 40 अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी बसवा. त्यापुढे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. दुकानात सहज मिळतो तो ‘एसी’ टाइप. त्याच्या तोंडावर फक्त एक लाटेची खूण असते. गाडीतून डीसी गळती झाली तर हा आरसीसीबी आंधळा होतो, पडायच्या वेळी पडत नाही. लाटेखाली तुटक अर्धगोल असलेला ‘ए’ टाइप घ्या आणि चार्जरमध्ये 6 मिलिअँपिअर डीसी गळतीचं संरक्षण आहे का हे त्याच्या माहितीपत्रकात पाहा. नसेल तर महाग असला तरी ‘बी’ टाइप.

अर्थिंग 5 ओहमच्या आत हवं. काम संपल्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टमीटर लावून पाहा, तोही चार्जिंग चालू असताना. व्होल्टेज जास्त आलं तर बऱ्याच गाड्या लाल दिवा दाखवून थांबतात आणि माणसं चार्जरला दोष देत बसतात.

पहिल्या रात्री अर्ध्या तासाने एमसीबीच्या टर्मिनलजवळ हाताची पाठ धरा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. चटका म्हणजे स्क्रू ढिला किंवा लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) नीट दाबलेला नाही. महिनाभरात तो काळा पडतो, प्लास्टिकचा वास येतो, मग वितळतो. महिन्याने मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या.

20 ते 80 टक्के भरायला 54 युनिट बॅटरीत जातील. वाटेतलं नुकसान धरून मीटरवर 60 च्या आसपास पडतील आणि आठ तास लागतील. दोन एसी आणि गिझर त्याच सिंगल फेज मीटरवर असतील तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून तीन फेजचा अर्ज आधी करा, चार्जर नंतर मागवा.

हायफायसारखं झालं तर? कोटीची गाडी घेऊन कंपनीच बंद पडली तर काय करायचं?
— वाचक, ऐरोली

चिनी गाडी घेताना हा प्रश्न पहिला विचारायला हवा. हायफाय ही शांघायच्या ह्युमन होरायझन्सची गाडी. दारं पंखासारखी उघडायची, दिव्यांतून रस्त्यावर चित्रं पडायची. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्पादन थांबलं आणि मालक सुट्या भागांसाठी वणवण करू लागले. पेट्रोलची जुनी गाडी कुर्ल्याच्या बाजारातल्या भागांवर वीस वर्षं ओढता येते. अशी गाडी नाही ओढता येत: एखादा कंट्रोलर गेला तर नवा नुसता बसवून चालत नाही, कंपनीच्या सर्व्हरवरून त्याची गाडीशी ओळख करून द्यावी लागते. सर्व्हर बंद म्हणजे गाडी बंद.

म्हणून ब्रँडच्या वर कोण बसलंय ते पाहा. यांगवांगच्या मागे बीवायडी आहे, लाखोंनी गाड्या विकणारी. नुसत्या महाग गाड्यांवर जगणाऱ्या कंपनीपेक्षा हे बरं. पण भारतात एवढंही पुरत नाही. शेजारी देशांतल्या गुंतवणुकीला 2020 पासून सरकारची परवानगी लागते. ग्रेट वॉलने तळेगावचा कारखाना घ्यायचं जानेवारी 2020 मध्ये ठरवलं, परवानगी आली नाही, 2022 मध्ये गाशा गुंडाळला. कंपनी चीनमध्ये कितीही धडधाकट असली तरी इथला तिचा मुक्काम तिच्या एकटीच्या हातात नसतो.

शोरूममध्ये बसाल तेव्हा हे विचारा. पुढची काच, बंपर आणि हेडलाइट देशात साठ्याला आहेत का, किती दिवसांत मिळतील. बॅटरी उघडून मॉड्यूल बदलणारं वर्कशॉप सर्वांत जवळचं कुठे. वॉरंटी गाडीसोबत जाते की पहिल्या मालकापुरती: एमजीच्या एम9 ची आजीवन बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकापुरती आहे, आणि विकताना त्याचा फरक पडतो. उत्तरं ईमेलवर घ्या. सेल्समन नोकरी बदलतो, ईमेल राहतो.

चीनमधून आणलेली गाडी इथल्या फास्ट चार्जरवर अडॅप्टर लावून चालेल का?
— वाचक, पनवेल

या भरवशावर गाडी घेऊ नका. चीनचं जीबी/टी आणि आपलं सीसीएस2 या चार्जिंगच्या दोन मानकांत फक्त तोंडाचा फरक नाही, भाषेचा आहे. जीबी/टीमध्ये गाडी आणि चार्जर कॅन बस या निरोपाच्या तारांवर बोलतात, सीसीएस2 मध्ये पॉवर लाइन कम्युनिकेशन नावाच्या वेगळ्याच पद्धतीने. अडॅप्टरला मधे दुभाष्याचं काम करावं लागतं, तेही शेकडो अँपिअर वाहत असताना. गाडीची वॉरंटीही तिथे अडते.

दारांचे लपलेले हँडल अपघातात उघडत नाहीत असं ऐकलं. घेताना काय पाहू?
— वाचक, कळवा

चीनने स्वतःच याची दखल घेतली आहे. 1 जानेवारी 2027 पासून तिथल्या नव्या मॉडेलना आतून-बाहेरून यांत्रिक उघडणी सक्तीची आहे. तुमच्या गाडीत ती कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशी हाताने शोधा. पुढच्या दारांना बहुधा खिडकीच्या बटणांजवळ कळ असते. मागच्या दारांना ती अनेकदा खालच्या कप्प्यातल्या रबरी पट्टीखाली किंवा झाकणाआड दडवलेली असते, आणि काही गाड्यांत नसतेच. चाइल्ड लॉक लावून आणि न लावून, दोन्ही वेळा ओढून बघा. घरातल्या मागे बसणाऱ्या प्रत्येकाला, आजी-आजोबांसकट, एकदा डोळे मिटून ती ओढायला लावा.