कार्बाईडच्या पट्ट्या तडकतात, सुटतात : दोष मालात की जोडात?

प्रश्न : कोळशाच्या स्क्रू कन्व्हेयरच्या पात्यांना आम्ही टंगस्टन कार्बाईडच्या 40 मिमी लांब पट्ट्या सिल्व्हर ब्रेझिंगने (चांदीचा मिश्रधातू वितळवून केलेल्या जोडाने) लावतो. काही गार होतानाच आडव्या तडकतात, काही आठवड्याभरात सुटतात. पुरवठादार बदलावा का? – वाचक, हिंगणा एमआयडीसी

उत्तर : आधी सुटलेली पट्टी उलटी करून पाहा. पाठ कोरडी, करडी असेल, तर चांदी तिला धरलेलीच नाही. पाठ तेलकट राहिली, फ्लक्स (जोडाची जागा स्वच्छ ठेवणारे रसायन) जळला किंवा ज्योत थेट कार्बाईडवर धरली, यांपैकी काहीतरी घडले आहे. ज्योत पोलादावर फिरवा. कार्बाईड पोलादाच्याच उष्णतेने तापू द्या. चांदीचा रॉड निकेल असलेला, कॅडमियम नसलेला घ्या. कॅडमियमचा धूर जीवघेणा असतो, त्यात काटकसर नको.

तडकण्याचे कारण निराळे. पोलाद कार्बाईडच्या जवळपास दुप्पट आकसते. 700 अंशांवरून गार होताना 40 मिमी लांबीत पोलाद सुमारे 0.3 मिमी आखडते, कार्बाईड 0.15 मिमीच. हा फरक कुठेतरी जिरायला हवा. चांदीचा थर कागदासारखा पातळ असेल, तर पात्याला बाक येतो, कार्बाईडच्या वरच्या अंगाला ताण बसतो आणि आडवी चीर जाते. म्हणून पट्ट्या 20 मिमीच्या करा, मध्ये किंचित फट ठेवा. लांब पट्टीच हवी असेल, तर दोन्ही बाजूंना चांदी आणि मध्ये तांबे असलेली ट्रायमेटल शिम (पातळ पत्रा) घाला. मऊ तांबे ताण पोटात घेते. चांदीचा थर 0.1 ते 0.15 मिमी राहू द्या. ब्रेझिंग झाले की काम कोरड्या चुन्यात किंवा वाळूत पुरून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये कूलर धडधडत असतो. त्याचा ओला झोत गरम पट्टीवर पडला, तर वरचे सगळे करूनही ती तडकेल. एवढे सांभाळूनही तक्रार राहिली, तरच पुरवठादाराला फोन करा.

प्रश्न : याच पट्ट्या कोल क्रशरच्या हॅमरला चालतील का? – वाचक, बुटीबोरी

उत्तर : त्याच नाही चालणार. कोबाल्ट हा कार्बाईडचे कण बांधून ठेवणारा धातू. घर्षण सोसायला 6 टक्के कोबाल्टची ग्रेड छान. ठोक्यांसाठी 15 टक्के किंवा जास्त कोबाल्ट लागते, मग कडकपणा थोडा कमी होतो. त्यातही कोळशातून एखादा बोल्ट आला की पट्टीची कड उडालीच. बेल्टवर चुंबक नसेल, तर आमच्या मते हॅमरला हार्डफेसिंगच (वेल्डिंगने चढवलेला कठीण थर) बरे.

प्रश्न : कार्बाईड ग्राइंडरच्या साध्या चाकावर घासले तर? – वाचक, कळमेश्वर

उत्तर : पोलाद घासायचे साधे चाक नुसते गुळगुळीत होते आणि पट्टी तापते. जाड काम हिरव्या सिलिकॉन कार्बाईड चाकावर, शेवटचा हात डायमंड चाकावर. पाणी सोडायचे तर सलग सोडा. तापलेली पट्टी मगमध्ये बुडवली की केसासारख्या चिरा पडतात. कोरडे घासताना धूळ ओढणारा पंखा आणि मास्क हवाच, कोबाल्टची धूळ फुप्फुसांत बसते. आणि तुकडे केराबरोबर टाकू नका. कार्बाईडचे भंगार किलोवर विकले जाते, दर साध्या लोखंडाच्या कितीतरी पट.