हरिपाठ घशातून निघत नसेल तर

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. मोबाइलवर मला दोन ओळींच्या वर लिहिणं जमत नाही, म्हणून कागद घेतला.

बाबांची तेरवी आटोपून तू चाकणला गेलास आणि तेव्हापासून हरिपाठ घशातून निघत नाही म्हणतोस. नाही निघत तर नको म्हणू. जबरदस्ती कोण करतं बाप्पा?

तुझी काकू गेली ते कापूस वेचणीचे दिवस होते. तिची वेचलेला कापूस भरायची ओटी खुंटीवर तशीच लटकलेली, आत वाळली पत्ती अन् दोनचार कवड्या. बाकी वावर मजूर लावून वेचलं, पण तिची अर्धी राहिलेली पात मी कोणाला वेचू दिली नाही. अवकाळी पावसात तो कापूस भिजून काळा पडला. त्या पातीत उभा राहून पांडुरंगाला अशा शिव्या दिल्या, की धुऱ्यावरचा बैल चरायचा थांबला. उत्तर काही आलं नाही. देव माणसाच्या रूपात धावून येतो म्हणतात. मला तरी त्या दिवशी कोणी भेटलं नाही. रात्री खाटेवर पडल्यावर ध्यानात आलं, की दिवसभर आपण त्याच्याशीच बोलत होतो. इतकी वर्षं काकडा केला, पण एवढं कधी बोललो नव्हतो.

कौंडण्यपूर आपल्या उशाशी, म्हणून आपल्याला त्याचं अप्रूप नाही. रुक्मिणीच्या त्या माहेरची पालखी 1594 पासून पंढरपूरला जाते. पण ती बाई तिथं पोचली कशी? रुसून पंढरपूरजवळच्या दिंडीरवनात निघून गेली, अन् देव द्वारका सोडून तिला शोधत आला. आला तो विटेवर उभाच राहिला. रुसलेल्याला तो टाकत नाही असं मी म्हणतो, ते एवढ्या कथेच्या भरवशावर.

दुसरा दाखला माधानचे संत गुलाबराव महाराज यांचा. 1881 चा जन्म. नवव्या महिन्यात डोळे गेले, चौथ्या वर्षी माय गेली. पुढं त्यांनी ज्ञानेश्वरांना बाप मानलं, स्वतःला त्यांची कन्या म्हणवलं. कृष्णाला नवरा मानून चारचौघांत कुंकू, मंगळसूत्र ल्याले. लोक हसले असतीलच. मला त्यात भक्तीइतकंच शहाणपण दिसतं. नुसत्या 'देवा'शी बोलता येत नाही रे, नातं लावावं लागतं. तुझं नातं कोणतं ते तू पाहा. मात्र त्याला बाबांच्या जागी बसवू नको. ती जागा रिकामीच राहू दे. माझ्याकडं ती ओटी अजून खुंटीलाच आहे.

बोलशील तर आपल्या वऱ्हाडीत बोल. कंपनीच्या बसमध्ये, मनातल्या मनात, 'काऊन असं केलंस?' इथून सुरू केलं तरी चालते.

आईला रात्री नऊनंतर फोन करत जा. तोवर बाया बसायला येतात, ती निभावते. त्या उठल्या की घर अंगावर येतं. पैशाचं विचारू नको, जेवणात काय केलं ते विचार.

बाबांचे टाळ मंदिरातच आहेत. दोरी कुजली होती, बदलली. एकादशीला कोणीतरी उचलले, मी ठेवायला लावले. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा, नाहीतर तिथंच बसून वाजव.

तुझा,
मास्तरकाका