एमजीबी घेऊन स्कॉटलंडला निघताना

तुझी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे तशीच ने. निघायच्या आठवड्यात इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा नवा पंखा बसवायच्या फंदात अजिबात पडू नकोस. नवीन जोडलेली वस्तूच वाटेत दगा देते. १७९८ सीसीचं ते इंजिन मूळ रूपातच भक्कम आहे, त्याला फक्त वेळेवर २०डब्ल्यू-५० ऑइल हवं. रोज सकाळी इंजिन गार असताना डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघ. दोन्ही एसयू (कंपनीच्या) कार्ब्युरेटरच्या वरचं दांडी जोडलेलं झाकण फिरवून काढ आणि सावकाश परत दाब. शेवटी हाताला अडकल्यासारखं लागलं तर आत तेल आहे. सहज खाली गेलं, तर थोडं ऑइल घाल, नाहीतर वेग घेताना गाडी अडखळते.

पेट्रोल ई५, म्हणजे जास्तीत जास्त पाच टक्के इथेनॉल असलेलं, घे. २०२१ पासून तिथलं साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालंय, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही.

मोटरवे शक्यतो टाळ. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) नसेल तर ताशी साठ मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला ३३०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत राहतं, गप्पाही मारता येत नाहीत. तीच गाडी रॅनक मूरच्या माळरानावरून ग्लेनको खोऱ्याकडे जाणाऱ्या ए८२ रस्त्यावर टप उघडून पन्नासने सोड. खरी मजा तिथे आहे! बीलाख ना बा हा डोंगरी घाट चढणार असशील तर उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहा, ब्रेक तापू देऊ नकोस. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर मागे गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये (बाजूला घेण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागेत) थांबून तिला पुढे जाऊ दे.

सोबत फॅनबेल्ट, इग्निशनचे पॉइंट्स आणि कंडेन्सर, फ्यूज आणि पाण्याचा कॅन असू दे.