‘सागरी हद्द’ नेमकी कुठपर्यंत?

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेची युद्धनौका लक्षद्वीपजवळ भारताच्या हद्दीत शिरली, असं तेव्हा वाचलं होतं. हद्दीत शिरली तर अडवली का नाही? आणि त्याच बातमीत “विशेष आर्थिक क्षेत्र” असं होतं. ते तर कारखान्यांचं असतं ना?’

दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी उरकतो. कारखान्यांचं ते ‘सेझ’, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. समुद्रातलं ते अनन्य आर्थिक क्षेत्र. ‘अनन्य’ म्हणजे दुसऱ्या कुणाचा वाटा नसलेलं. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे मासे, तेल, वायू, वारा आणि लाटांपासूनची वीज यांवर फक्त किनाऱ्याच्या देशाचा हक्क, एवढंच त्या शब्दात आहे. ‘विशेष’मध्ये हा अर्थ येत नाही, शिवाय वाचकाच्या डोळ्यासमोर नागपूरच्या ‘मिहान’सारखा सेझ उभा राहतो. ‘अनन्य’ हा शब्द अवघड वाटतो हे खरं, पण ‘अनन्यसाधारण’ आपण भाषणांत उठताबसता वापरतोच.

आता ‘हद्द’. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि आपल्याकडे कचेऱ्यांमध्ये मुरला. मराठीत तो नुसती रेघ दाखवत नाही, अंमल दाखवतो. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं पोलीस ठाण्यात सांगतात तेव्हा त्याचा अर्थ ‘इथे आमचा अधिकार चालत नाही’ असा असतो. जमिनीवर रेघ आणि अंमल बहुधा एकाच जागी संपतात, म्हणून एका शब्दात भागतं. समुद्रात तसं होत नाही. तिथे ‘हद्द कुठपर्यंत?’ याआधी ‘कशासाठी?’ हे विचारावं लागतं.

१९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने आणि त्याआधी आपल्याच १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याने हे टप्पे ठरवले आहेत. मोजणी सुरू होते आधाररेषेपासून, म्हणजे साधारणपणे ओहोटीला पाणी जिथवर मागे जातं तिथून. पहिले १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर (एक सागरी मैल १,८५२ मीटरचा), हा प्रादेशिक समुद्र. इथे पाणी, तळ आणि वरचं आकाश सगळं देशाचं. तरी परकी जहाजं त्रास न देता इथून पुढे जाऊ शकतात, ही सवलत जमिनीवर कुठेच नाही. पूर्वी ही पट्टी ३ मैलांची होती आणि तोफेच्या पल्ल्याशी तिचा संबंध जोडला जाई. भारताने ती १९५६मध्ये ६ आणि १९६७मध्ये १२ केली. पुढे २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र, मुख्यतः जकात, स्थलांतर आणि आरोग्याच्या नियमांसाठी. आपल्या कायद्याने त्यात देशाची सुरक्षाही घातली आहे. करारात ती नाही.

हा घोळ प्रत्यक्षात कसा होतो, ते वीस मैलांवरच्या दोन घटनांत दिसतं. ऑगस्ट २०११मध्ये आरएके कॅरियर हे कोळशाचं जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडालं. तेल किनाऱ्याला लागलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६मध्ये जहाजाच्या मालकाला १०० कोटींची भरपाई ठोठावली. जागा १२ मैलांबाहेरची होती, पण सागरी पर्यावरणाचं रक्षण हा अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या अधिकारांपैकीच एक. प्रदूषणासाठी ती ‘आपली हद्द’ होती.

फेब्रुवारी २०१२मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस मैलांवर एन्रिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ बोटीवर गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार ठार झाले. अंतर जवळपास तेच. मात्र जानेवारी २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १२ मैलांपलीकडे केरळ राज्याला खटला चालवण्याचा अधिकार नाही, केंद्राचं काय ते वेगळं. पुढे २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने, ते नौसैनिक इटलीच्या सरकारी कामावर होते म्हणून, भारतालाही खटला चालवता येणार नाही, मात्र इटलीने भरपाई द्यावी, असा निवाडा दिला. खुनाच्या खटल्यासाठी ती जागा केरळची ‘हद्द’ ठरली नाही.

आता अमेरिकी युद्धनौका. ती लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० मैलांवर होती, म्हणजे अनन्य आर्थिक क्षेत्रात. तिथून जाणं कुठल्याही देशाच्या जहाजाला मोकळं आहे, म्हणून अडवायचा प्रश्नच नव्हता. वाद होता तो लष्करी हालचालींना संमती लागते का, यावर. भारत म्हणतो लागते, अमेरिका म्हणते नाही (आणि तिने तो करार मुळात स्वीकारलेलाच नाही, ही त्यातली गंमत). ‘हद्दीत घुसली’ या शब्दांनी कायद्याच्या एका कलमावरचा मतभेद घुसखोरी होऊन बसला.

माझं मत असं: बातमीत ‘हद्द’ फक्त १२ मैलांपुरती ठेवावी आणि त्यापुढे ‘क्षेत्र’ म्हणावं. पाहिजे तर मैल लिहावेत, ते सगळ्यांत सरळ. ‘कोचीपासून इतक्या मैलांवर’ एवढ्यानेही भागत नाही, कारण मोजायचं ते बंदरापासून नव्हे, आधाररेषेपासून. आपले मच्छीमार या बाबतीत वार्ताहरांपेक्षा काटेकोर आहेत. मालवण-देवगडकडे ‘मलपीचे ट्रॉलर हद्दीत आले’ अशी (कर्नाटकातल्या मलपी बंदराच्या बोटींविरुद्ध) ओरड होते तेव्हा ती ‘हद्द’ १२ मैलांचीच असते. तिथवरची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, बाहेरची केंद्राच्या, आणि पर्ससीनवाल्यांचं, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याने मासे पकडणाऱ्यांचं, भांडणही त्याच रेषेवर चालतं. जाळं टाकायच्या खोलीसाठी तर त्यांच्याकडे ‘वाव’ हे वेगळं मापच आहे.

कुठल्याही देशाच्या १२ मैलांबाहेरच्या चाचेगिरीला यातलं काहीच लागू नाही. तिथे जो पकडेल तो खटला चालवू शकतो. मार्च २०२४मध्ये आयएनएस कोलकाताने भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर रुएन या जहाजावरून ३५ सोमाली चाचे पकडून आणले, आणि त्यांचा गुन्हा दाखल झाला तो मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं म्हणायची सोय पोलिसांना राहिली नव्हती. २०२२च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने ती काढून घेतली होती.