कंपायलर बदलल्यावर नापास ठरणारा प्रोग्राम

प्रश्न : भोसरीतील एका लहान कंपनीत आम्ही पाण्याच्या मीटरच्या नोंदी गोळा करणारा सी भाषेतील प्रोग्राम फेडोरा या लिनक्स प्रणालीवर तयार करतो. कोड आणि बिल्डचे पर्याय तेच असूनही, जीसीसी हा कंपायलर (कोडचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) अद्ययावत केल्यापासून, तयार प्रोग्राममध्ये सुरक्षेचे पर्याय वापरले आहेत का हे पाहणारे अ‍ॅनोचेक हे साधन स्टॅक प्रोटेक्टर (फंक्शनच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे स्टॅकवर, झालेले अतिक्रमण पकडणारे संरक्षण) नसल्याचे सांगून प्रोग्राम नापास करते. ही तपासणी तूर्त बंद केली तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कृपया तपासणी बंद करू नका. आपण सांगितलेला घटनाक्रम पाहता संशय प्रोग्रामपेक्षा अ‍ॅनोबिन या जीसीसीच्या प्लगइनवर (कंपायलरला जोडलेल्या पूरक भागावर) अधिक येतो. स्टॅक प्रोटेक्टरच्या बाबतीत अ‍ॅनोचेक मशीन कोड उलगडून पाहत नाही, तर कंपाइल होत असताना अ‍ॅनोबिनने ऑब्जेक्ट फाइलमध्ये (कोडच्या फाइलपासून बनणाऱ्या मशीन कोडच्या फाइलमध्ये) लिहून ठेवलेल्या टिपा वाचते. कोणता पर्याय चालू आहे हे जाणण्यासाठी अ‍ॅनोबिन कंपायलरच्या अंतर्गत स्ट्रक्चरमध्ये (पर्यायांची मूल्ये ठेवणाऱ्या रचनेत) डोकावते, आणि स्वतः ज्या आवृत्तीच्या हेडर फाइल (अशा रचनांची वर्णने असलेल्या फाइल) घेऊन ते तयार झाले, त्या आवृत्तीतील जागांवरच ती मूल्ये शोधते. जीसीसी ४.५ पासून (२०१०) प्लगइन स्वीकारत असले, तरी या अंतर्गत रचनेच्या स्थैर्याची हमी देत नाही. एखादा नवा पर्याय वाढला की पुढच्यांच्या जागा सरकू शकतात आणि जुने प्लगइन भलतेच मूल्य उचलून तेच टिपेत लिहिते. पासबुकात चुकीचा आकडा छापला गेला म्हणून खात्यातली रक्कम बदलत नाही, तसेच येथे प्रोग्राममधील संरक्षण शाबूत असू शकते.

मात्र ‘असू शकते’ यावर थांबणे मला मान्य नाही, कारण चुकीच्या जागेवरून वाचलेले मूल्य नसलेले संरक्षणही आहे असे दाखवू शकते, आणि ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्यक्ष मशीन कोड पाहावा. एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीच्या ६४-बिट) प्रोसेसरवर संरक्षित फंक्शनच्या आरंभी एफएस सेगमेंट या स्मृतीच्या भागातील ४० व्या बाइटपासूनचे मूल्य स्टॅकवर ठेवलेले दिसते आणि परतण्यापूर्वी त्याची पडताळणी होते. हे ऑब्जडंप या मशीन कोड उलगडून दाखवणाऱ्या साधनाने तपासता येते. स्टॅक प्रोटेक्टरच्या ‘स्ट्राँग’ पर्यायात प्रत्येक फंक्शनला हे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे स्थानिक अ‍ॅरे असलेली फंक्शने निवडावीत.

त्यानंतर बिल्ड लॉग उघडा. प्लगइन एका आवृत्तीसाठी तयार झाले आणि दुसऱ्या आवृत्तीवर चालले, अशी अ‍ॅनोबिनची सूचना तेथे असेल, तर निदान जवळजवळ पक्के झाले. उपाय म्हणजे जीसीसीशी जुळणारे अ‍ॅनोबिन बसवणे, किंवा नव्या जीसीसीने ते पुन्हा तयार करणे. तयार करताना एक पेच येतो : फेडोराचे नेहमीचे बिल्ड पर्याय त्या वेळीही जुनेच अ‍ॅनोबिन लोड करतात, म्हणून फक्त त्या एका पॅकेजपुरते प्लगइन बंद ठेवावे लागते. पुढे फेडोराने जीसीसीच्या पॅकेजबरोबरच अ‍ॅनोबिन तयार करण्याची सोय केली, आणि माझ्या मते तोच मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. आवृत्त्या जुळल्यावर जुन्या सर्व ऑब्जेक्ट फाइल पुसून बिल्ड नव्याने करा, नाहीतर चुकीच्या टिपा तशाच राहतील.

एवढे करूनही तपासणी नापास होत असेल, तर तो निकाल खरा मानून दोषी फाइल शोधा. पुरवठादाराकडून तयार आलेली स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्राममध्येच जोडला जाणारा आधीच कंपाइल केलेला कोड) सर्वांत आधी पाहा.